ओव्याची बिअर आणि यमुनाबाईंचा घट

आमच्या कारखान्याच्या फाटकावर एक पाटी होती. 'आत चपाती नेण्यास सक्त मनाई आहे.' त्याखाली बारीक अक्षरांत पाव, बिस्किट, खारी, शेवया, शिरा, समोसा अशी यादी होती. पाटी मीच रंगवली होती आणि माझं अक्षर बरं असल्यामुळे ती लांबून वाचता येई. शहापूर-मुरबाड एसटी समोर थांबली की खिडकीतली माणसं ती मोठ्यानं वाचत. एकदा एका आजीबाईंनी गाडीतूनच आमच्या पहारेकऱ्याला, पवारला, विचारलं, "आत काय करतां रे बाबा?"

"बिअर करतात, आजी."

आजीबाई जरा वेळ पाटीकडे बघत राहिल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "म्हंजे दारू चालते नि चपाती चालत नाय. बरा धरम हाय."

मी त्या कारखान्यात बिअर तयार करणारा मुख्य माणूस होतो. सगळे मला मास्तर म्हणत. त्याचा फायदा असा झाला की माझ्या आईनं सापगावात लग्नाच्या बोलणीत "मुलाला सगळे मास्तर म्हणतात" असं सांगितलं, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. सासऱ्यांना माझा विषय कळला तो थोरल्याच्या बारशाला.

आता कारखाना नाही. शेड एका प्लास्टिकवाल्यानं घेतली. मालक जालसाहेबही गेले. आमच्या बिअरची आठवण काढणारे जे थोडे लोक उरलेत ते तिच्याबद्दल एक गोष्ट हमखास चुकीची सांगतात. ती त्यांना मीच चुकीची सांगितलेली असल्यामुळे दुरुस्तीचं कामही माझ्याकडेच येतं.

जालसाहेब पारशी. उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी. आयुष्यभर त्यांनी मोठमोठ्या कारखान्यांत बिअर केली. निवृत्तीच्या सुमारास पोट बिघडलं, वजन उतरलं, आणि बऱ्याच डॉक्टरांनंतर एकानं निदान केलं: गहू बंद, जव बंद. बिअर जवाची असते. म्हणजे जन्मभर लोकांना जे पाजलं तेच त्यांना वर्ज्य झालं. दुसरा कोणी असता तर तीर्थयात्रेला गेला असता. जालसाहेबांनी मुरबाडजवळ शेड घेतली आणि मला, जुन्या कारखान्यातल्या त्यांच्या हाताखालच्या माणसाला, बोलावून घेतलं.

"मास्तर, मरायच्या आधी मला एक ग्लास पाहिजे. माझा स्वतःचा, भरलेला. तू करशील?"

मी हो म्हणालो. एका ग्लासाला असा किती वेळ लागणार, असं वाटलं होतं.

ग्लुटेन म्हणजे काय, हे आमच्या भागात समजावणं सोपं होतं. तांदळाची भाकरी थापताना कडेला भेगा पडतात. गव्हाची कणीक मात्र ओढली की रबरासारखी ताणली जाते. ती ताण देणारी चिकटाई म्हणजे ग्लुटेन. काहींच्या आतड्यांना ते सोसत नाही, थोडंसं पोटात गेलं तरी माणूस आडवा होतो. हे मी पहिल्या दिवशी कामगारांना सांगितलं तेव्हा बाळाराम फिटर शांतपणे बोलला, "आमच्या आज्यानं जल्मात गहू खाल्ला नाय. त्याला कोणी कारखाना काढून दिला नाय तो."

जवाच्या जागी आम्ही भात, ज्वारी, वरई आणि नाचणी घेतली. बिअर म्हणजे मुळात मोड आलेल्या धान्याची पेज. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवून भरडायचं. मोड येताना आतल्या पिठाची साखर व्हायला लागते. मग ते मोठ्या कुकरमध्ये शिजवून गाळायचं, हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, निववून त्यात यीस्ट सोडायचं आणि दोन-तीन आठवडे त्याच्या वाटेला जायचं नाही. मोडाची नाचणी आपल्याकडे तान्ह्या बाळाला देतात. म्हणजे दात येण्याआधीच आपण सगळे निम्म्या वाटेपर्यंत गेलेलो असतो, पुढची वाट कोणी धरतो, कोणी धरत नाही. नाचणीला जवासारखं टरफल नसल्यानं गाळणीवर तिचा लगदा बसायचा. मुरबाडच्या भातगिरणीतलं तूस मिसळू लागलो तेव्हा कुठे ती गळायला लागली. आम्ही कोंबड्या पाळतो अशी गिरणीवाल्याची शेवटपर्यंत समजूत होती.

मोड आणण्याची खोली यमुनाबाईंच्या ताब्यात होती. आम्ही तिला मोडघर म्हणत असू. ओल्या गोणपाटांवर नाचणी पसरलेली आणि यमुनाबाई तिच्यात कोपरापर्यंत हात घालून ऊब बघत बसलेल्या. पोरं झोपली की नाही ते बघावं तसं. चप्पल बाहेर, बोलणं हळू. मलाही आत जायचं तर पाय धुवावे लागत. त्या खोलीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जालसाहेबांना सत्तर वर्षं पुरी होणार होती, दिवाळीच्या लगेच नंतर. तोवर ते आमची बिअर चमच्यानं चाखत. पहिला भरलेला ग्लास वाढदिवसाला, धंद्यातल्या जुन्या मित्रांसमोर घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. हे मित्र त्यांना "जाल, तू आता ताक पी" म्हणून चिडवत. नाचणीची बिअर करायची ठरली. ती नवरात्रात शिजायला घालायची होती.

घट बसायच्या आदल्या दिवशी यमुनाबाई सुपात धान्य घेऊन माझ्याकडे आल्या. कुकरच्या खोलीत कोपऱ्यात घट बसवायचा होता. "गहू नाय घातला," त्या म्हणाल्या. "नाचणी, वरई, भात नि उडीद. देवीला काय, उगवल्याशी मतलब. बघून घ्या." मी सुपात बोट फिरवून सगळं बघितलं आणि बसवा म्हणालो.

नवरात्र सरत आलं होतं. आमचा कुकर म्हणजे घरातल्या कुकरचा थोरला भाऊ. झाकण, रबरी रिंग, सगळं तसंच. नाचणी अर्धी शिजली असताना ती रिंग फाटली आणि वाफ चहूकडून सुटली. दुसरी रिंग मुंबईहून यायची, उद्या संध्याकाळी. तोवर आतली नाचणी निवली असती तर तिची खळ झाली असती आणि वाढदिवसापर्यंत पुन्हा मोड आणण्याइतका वेळ उरला नव्हता.

बाळारामनं झाकणाभोवती फेरी मारली. "मास्तर, इलाज हाय. पण तुमी ओरडाल."

"बोल."

"माझ्या मामाची भट्टी होती. पोरपणी आमी झाकण कणकेनं लिंपायचो. बाँब लावला तरी वाफ येत नाय."

आम्ही आधी प्रामाणिकपणे तांदळाचं पीठ लावून बघितलं. ते दोन मिनिटांत भेगाळलं आणि पापुद्रे होऊन खाली पडलं. बाळाराम माझ्याकडे बघत राहिला. वाफ अडवायला लागते ती चिकटाई, आणि चिकटाई तर मी पाटी लावून फाटकाबाहेर ठेवली होती.

बाहेर शेवंतीची चहाची टपरी होती. तिच्याकडे समोशाचा मैदा मळलेला तयार असे. मी पिशवी घेऊन गेलो.

"शेवंती, अर्धा किलो मैदा दे. मळलेला."

"पाव्हणे आले का घरी?"

"हो."

"मंग समोसेच न्या की."

"त्यांना स्वतः करून खायला आवडतात."

हे उत्तर मला आजही पटत नाही, पण शेवंतीनं गोळा दिला. पिशवीत डब्याखाली तो घालून मी फाटकातून आत आलो. त्याच सकाळी पवारनं एका ड्रायव्हरची खारी जप्त केली होती. माझ्या पिशवीकडे त्यानं बघितलंही नाही. नियम करणाऱ्याची झडती कोण घेणार? उलट सलाम ठोकला.

मैद्याची दोरी वळून बाळारामनं ती झाकणाच्या कडेनं फिरवली. एक फुसकाही बाहेर आला नाही. ज्या पदार्थाला मी इतके दिवस वैरी मानलं होतं त्याचं काम बघून मला आदरच वाटला. दोरी बाहेरच्या बाजूला आहे, आतल्या मालाशी तिचा संबंध काय, असं मी मनाशी म्हणालो आणि बाळारामलाही ऐकवलं.

एक गोष्ट मी विसरलो होतो. कुकर निवताना आतली वाफ आटते आणि तो बाहेरचं आत ओढतो. संध्याकाळी झाकण उघडलं तेव्हा निम्मी दोरी जागेवर नव्हती.

"खाली पडली असेल," मी म्हणालो.

बाळारामनं स्वच्छ फरशीकडे बघितलं. "उंदरांनी नेली असेल," तो म्हणाला. आमच्याकडे उंदीर नव्हते.

दसऱ्याला यमुनाबाईंनी घटाचे कोंब सगळ्या यंत्रांवर ठेवले, आमच्या कानांवर खोचले, आणि त्या कुकरवर चार जास्त ठेवले, कारण त्यानं ऐन वेळी दगा दिला नाही.

वाढदिवसाला जालसाहेबांनी भरलेला ग्लास उचलला. त्यांनी अर्धा एका दमात घेतला आणि डोळे मिटले. मग एका मित्रानं नाक ग्लासात घातलं. "जाल, आ सू छे? अजमो?"

अजमो म्हणजे ओवा. शेवंतीचा हात सढळ होता आणि समोशाच्या मैद्यात ओवा असतो, हे मला तेव्हा आठवलं. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "नाचणी जरा वातूळ. म्हणून आमच्याकडे ओवा घालतात."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. जालसाहेबांनी दुसरा ग्लास घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ते आठवडाभर अंथरुणात होते. उठले तेव्हा गालांची हाडं वर आली होती. काठी टेकत कारखान्यात आले, कुकरच्या खोलीत स्टुलावर बसले, सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, "गहू कुठून आला? ह्या वेळी वेगळं काय झालं?" आवाज चढलेला नव्हता. त्यांना फक्त कळायला हवं होतं, नाहीतर तो भरलेला ग्लास त्यांच्यासाठी कायमचा संपला असता.

मी पायांकडे बघितलं. बाळारामनं माझ्या पायांकडे बघितलं. तेवढ्यात पवारला उपयोगी पडावंसं वाटलं. "साहेब, तवा हितं घट बसवला होता."

घटात गहू असतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. खोलीत एकदम सुटल्यासारखं झालं.

"गहू नव्हता साहेब," यमुनाबाई म्हणाल्या. "मास्तरांना दाखवून घातला. विचारा त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा जे म्हणालो ते इथे जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "दाखवलं होतं. पण मी काही प्रत्येक दाणा बघितला नाही."

जालसाहेबांनी टोपी काढली. "बाई, तुझ्या देवीची माफी मागतो. पण पुढे घट नको." आणि यमुनाबाईंना मोडघरातून बाटल्या धुण्याच्या कामावर घातलं. पगार तोच ठेवला. त्यांनी मोडघराच्या दारात जाऊन आपल्या चपला उचलल्या आणि बाटल्यांकडे गेल्या.

बाहेर बाळाराम मला म्हणाला, "सोडा मास्तर. देवी काय कोर्टात जात नाय."

"आणि यमुनाबाई?"

"ती पण नाय."

पुढची गंमत अशी की पंधरा दिवसांत त्या मित्रांची मागणी आली, ओव्याची पाहिजे म्हणून. मी मग निवडलेला ओवा घालून, मैद्याशिवाय ती केली. जालसाहेबांनी आधी चमचा घेतला, मग वाटी, मग ग्लास, आणि त्यांना काही झालं नाही. ओवा-नाचणी ही आमची सगळ्यात जास्त खपणारी बिअर झाली. मुंबईहून एक बाई तिच्याबद्दल लिहायला आल्या. त्यांनीच मला सांगितलं की नाचणीच्या पेयात ओवा घालणं ही ठाणे जिल्ह्यातली जुनी परंपरा आहे. मी मान डोलावली. ती परंपरा तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

बाकीच्या बिअरनाही आपापली गिऱ्हाइकं मिळाली. वाशिंदच्या एका बारवाल्यानं फोन करून विचारलं, "मास्तर, वरईची उपासाला चालते का? लोक विचारतात." मी म्हणालो, "वरई चालते. पुढचं ज्याचं त्यानं देवाला विचारावं." पुढच्या एकादशीआधी त्याची ऑर्डर दुप्पट झाली. भातसानगरचे एक इंजिनिअर दर शनिवारी स्कूटरवरून भाताची बिअर न्यायला येत. त्यांनाही गहू वर्ज्य. लग्नाच्या पंगतीत ते नुसतं ताक पिऊन उठत आणि लोक त्यांना गर्विष्ठ समजत. आमची पाटी वाचून ते पहिल्यांदा फाटकात थांबले तेव्हा पवारला म्हणाले, "ही पाटी मला घरी लावायला द्याल का?" असे दिवस बरे होते. अशा दिवशी मी बाटल्या धुण्याच्या खोलीवरून न जाता मागच्या बाजूनं घरी जाई.

पुढच्या दसऱ्याला घट नव्हता. दुपारी मी जेवायला पिशवी उघडली. डब्याखाली कागदात बांधलेला एक समोसा होता.

बायकोनं तो ठेवलेला नव्हता, ती पाटी पाठ म्हणत असे. मी गोदामात तुसाच्या पोत्यांमागे उभा राहून तो दोन घासांत संपवला, कागद चड्डीच्या खिशात कोंबला आणि तीनदा हात धुतले. मग बाळारामला गाठलं.

"तू ठेवलास?"

"मी तुमाला कधी चा पाजला का? समोसा कुठून चारीन?"

हे खरं होतं.

त्याच्या पुढच्या दसऱ्याला पुन्हा समोसा. त्याच्या पुढच्याही. मी आत आल्या आल्या पिशवीला कुलूप लावून बघितलं, टेबलाच्या खणात ठेवून बघितली, एक वर्ष दिवसभर मांडीवर घेऊन बसलो. आतला कोण एवढा हुशार, ते मला कळेना. दसऱ्याला लोक सोनं वाटतात. मी पोत्यांमागे समोसा खात असे आणि ओवा दाताखाली आला की मान खाली जात असे. कारखाना बंद होईपर्यंत हे चाललं. जालसाहेब तोवर रोज संध्याकाळी आपला भरलेला ग्लास घेत राहिले. एकदा म्हणाले, "मास्तर, तू शब्द पाळला." तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तुमचा आशीर्वाद." पुढे ते गेले आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

यंदा या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी दसऱ्याच्या दिवशी यमुनाबाईंकडे गेलो. शहापूरच्या अलीकडे मुलाच्या घरी असतात. ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. मी पिशवी खुंटीला लावली आणि घरून पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. रिंग, मैदा, निम्मी दोरी, प्रत्येक दाणा.

त्या वाल सोलतच राहिल्या. "माहिती हाय," म्हणाल्या. "सकाळी कुकर मीच धुतला ना. बिजागरीत चिकटला होता मैदा. त्यात ओवा. शेवंतीला बोलली, मास्तर काय घेऊन गेले गो? ती बोलली, पाव्हण्यांना करून खायला आवडतात."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी बोलली असती तर तुमी आनखी एक काय तरी बोलला असता." त्यांनी एक वाल बाजूला टाकला. "तुमच्या तोंडानं यायला पायजे होता."

मी सुपातला एक वाल उचलून सोलला. मग न राहवून विचारलं, "समोसा तुम्हीच ठेवत होतात?"

"मंग कोन?"

"पण फाटकातून आत कसा यायचा? पवार तर तुमचा डबा हुंगायचा."

त्या पहिल्यांदा हसल्या. "मी कशाला आणीन? तुमीच आणायचे. एसटीतून उतरले की शेवंतीकडे चा प्यायचे, पिशवी खुंटीला लावायचे. मी तिकडंच टाकायची. पवार तुमाला सलाम मारायचा नि समोसा आत."

म्हणजे इतकी वर्षं मीच तो माझ्या हातानं आत नेत होतो. कुलूप लावून, मांडीवर सांभाळून.

"आता हे छापून येणार आहे," मी म्हणालो. "दिवाळी अंकात."

"नाव घाला माझा."

"घालतो."

"छापून आला की घेऊन या. सून वाचून दाखवंल. तवर काय खरं नाय तुमचा."

निघताना खुंटीवरून पिशवी काढली. ती नेली होती त्यापेक्षा जरा जड होती. मी उघडून बघितली नाही. एसटीत बसलो तेव्हा ओव्याचा वास येऊ लागला.

संपादकांना लेख लांब वाटला तर त्यांनी तो कुठूनही कापावा. एवढं मात्र ठेवावं. त्या वर्षी यमुनाबाईंच्या घटात नाचणी, वरई, भात आणि उडीद होते. गहू नव्हता. मी प्रत्येक दाणा बघितला होता.